पिकअपचा एअर फिल्टर आणि बाहेरचा इनटेक : काउंटरवर रोज येणारे प्रश्न

आमचं गॅरेज सोलापुरात, होटगी रोडच्या बाजूला. दारात लागणाऱ्या गाड्यांत पिकअपच जास्त. कुणी मार्केट यार्डात कांदा टाकून आलेलं असतं, कुणी टॉवेल-चादरींच्या गाठी, कुणी सांगोल्याची डाळिंबं. गेली काही वर्षं पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि म्हणतात, "मिस्त्री, कोन फिल्टर बसवून द्या." तासाभरानं त्यांच्या वडिलांचा फोन येतो, "नको म्हणून सांगा हो त्याला." दोघांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

बाहेरचा इनटेक बसवतात म्हणजे नक्की काय बदलतात?

इनटेक म्हणजे इंजिनाला हवा जायची वाट. कंपनीच्या गाडीत एक बंद डबा असतो. त्याचं हवा घेणारं तोंड ग्रिलमागे किंवा फेंडरजवळ, इंजिनाच्या गरम हवेपासून लांब ठेवलेलं असतं. डब्यात घड्यांचा कागदी फिल्टर, पुढं रबरी होज, मग हवा दाबून भरणारा टर्बो, ती गार करणारा इंटरकूलर आणि शेवटी इंजिन.

बाजारात तीन तऱ्हेचा माल मिळतो. कंपनीच्याच डब्यात बसणारा, पण कागदाऐवजी तेल लावलेल्या कापडी जाळीचा किंवा कोरड्या सिंथेटिकचा फिल्टर, हा पहिला. दुसऱ्यात डबाच काढून टाकतात आणि पाइपाच्या टोकाला उघडा कोन लावतात. तिसऱ्यात कोनाभोवती आडोसा करून बाहेरची हवा आणणारा वेगळा पाइप देतात, त्याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. दुकानदार तिन्हींना 'इनटेक'च म्हणतो. पैसे काढण्याआधी तो यातलं काय विकतोय ते विचारा.

लावल्यावर ताकद वाढते का? लोड घेऊन चढाला फरक पडेल?

आधीचा फिल्टर धड असेल तर डिझेल पिकअपला जाणवेल असा फरक पडत नाही.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची पाकळी हवा अडवून धरते. पाय दाबला की ती उघडते, हवा वाढते, ताकद वाढते. डिझेलचा कारभार वेगळा. तिथं हवा गरजेपेक्षा जास्तच आत येत असते आणि इंजेक्टरनं डिझेल किती सोडलं यावर ताकद ठरते. किती सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. तुम्ही महागडा फिल्टर लावलात म्हणून तो डिझेलचा हात सैल सोडत नाही. वर टर्बो आहेच. फिल्टरनं किंचित अडवलं तर तो थोडा जास्त फिरून भरून काढतो.

हिशोबच करायचा तर बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन घ्या. फोर-स्ट्रोक आहे, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेणार. ३००० आरपीएमला, टर्बो न धरता, मिनिटाला सुमारे ३,८०० लिटर. टर्बोनं हवा दुप्पट दाबली असं धरलं तर साडेसात हजारांच्या घरात. आकडा ऐकून छाती दडपते, पण कंपनीचा कागद तेवढी हवा विनातक्रार सोडतो. एकदा जुना फिल्टर फाडून त्याच्या घड्या जमिनीवर उलगडून बघा, केवढा कागद निघतो ते.

मग "गाडी पळायला लागली" असं लोक का म्हणतात? बहुतेक वेळा चोक झालेला जुना फिल्टर निघालेला असतो. त्याच्या जागी नवा कागदी लावला असता तरी तेवढीच पळाली असती. उरलेलं काम आवाज करतो. मोठा आवाज आला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो.

छोटा हत्तीला तरी उपयोग होईल?

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. ती २००५ मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं आणि बिनटर्बोचं होतं. अशा गाडीला चोक फिल्टर लगेच जाणवतो, कारण भरून काढायला टर्बो नाही. पण त्यावरचा इलाजही नवा फिल्टर हाच.

अमेरिकेत तर पिकअपला सगळे लावतात म्हणे?

तिकडचे पिकअप बघा. फोर्डची एफ-१५० घ्या किंवा तसलीच दुसरी गाडी, मोठी पेट्रोल इंजिनं, बरीचशी आठ सिलिंडरची. के अँड एनसारखी कंपनी कॅलिफोर्नियात १९६९ पासून तेल लावलेले कापडी फिल्टर विकते. तिचं नाव शर्यतीच्या आणि वाळवंटातल्या मोटरसायकलींमधून झालं. पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर असताना मोकळ्या इनटेकचा थोडा फायदा मिळू शकतो. आपण मोहोळवरून कांद्याच्या पिशव्या घेऊन साठच्या स्पीडनं येतो. ती गाडी वेगळी, ते काम वेगळं.

उघडा कोन चांगला की बंद डबा?

सोलापुरात बंद डबा. यावर माझ्याशी वाद घालायला आलात तर चहा पाजीन, पण मत बदलणार नाही.

मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतात. यार्डाच्या रांगेत गाडी चालू ठेवून उभी असली की बॉनेटखाली ६५ अंश सहज धरा. हवा तापली की विरळ होते. ४३ वरून ६५ वर गेली की तेवढ्याच जागेत साडेसहा टक्के कमी हवा मावते. इंटरकूलर थोडं सावरून घेतो, सगळं नाही. म्हणजे 'जास्त हवा मिळावी' म्हणून लावलेला उघडा कोन उन्हाळ्यात कंपनीच्या डब्यापेक्षा गरम आणि पातळ हवा खातो. शिवाय पुढच्या चाकानं उडवलेला फुफाटा थेट त्याच्या अंगावर.

धुऊन परत वापरायचा फिल्टर एकदाच घ्यायचा, आयुष्यभर खर्च नाही. यात तोटा काय?

जाहिरातीतलं "आयुष्यभर" नेमकं कुणाचं, फिल्टरचं की इंजिनाचं, ते आधी ठरवा.

कागदी फिल्टर काही शेकड्यांत येतो, चांगला कापडी काही हजारांत. पैशाचा हिशोब बरोबरीला आणायला बरीच वर्षं जातात. पण खरा मुद्दा धुळीचा आहे. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला दोन्ही आकडे छान. आता उलट बाजूनं मोजा. १०० ग्रॅम धूळ आली तर पहिल्यानं अर्धा ग्रॅम आत सोडली, दुसऱ्यानं तीन ग्रॅम. सहापट. डब्यावर "हाय फ्लो" मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. धूळ किती अडवतो हा आकडा शोधा. त्यासाठी आयएसओ ५०११ नावाची ठरलेली चाचणी आहे. तिचा निकाल जो विक्रेता दाखवतो, त्याच्याशी पुढचं बोलावं.

दुसरी भानगड देखभालीची. हा फिल्टर त्याच्यासाठीच्या क्लीनरनं धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग त्याचंच तेल बेतानं लावायचं आणि ते मुरू द्यायचं. तेल कमी पडलं तर धूळ सुटते, जास्त झालं तर तेल पुढं वाहतं. आमच्याकडं डिझेलमध्ये बुडवलेला आला, इंजिन ऑइल चोपडलेला आला, आणि एका पावण्यानं गोडेतेल लावून आणला होता. वास भजीचा. ज्याची गाडी पहाटे चारला भाजी आणायला निघते, त्याच्याकडं फिल्टर दिवसभर वाळत घालायला वेळ कुठून येणार?

कोरड्या सिंथेटिक फिल्टरला तेलाची कटकट नसते. चांगल्या बनावटीचा आणि कंपनीच्या डब्यात घट्ट बसणारा मिळत असेल तर मी त्याला नाही म्हणत नाही.

तुम्ही स्वतः कधी लावून पाहिलाय का, की नुसतंच सांगताय?

लावलाय. माझ्याच जुन्या पिकअपला, उघडा कोन. तेव्हा मलाही टर्बोच्या शिट्टीचा शौक होता.

तीन महिने गाडी मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारीची पोती आणायला जात होती, निम्मा रस्ता पाणंदीचा. एके दिवशी टर्बोआधीचा होज काढला आणि आत बोट फिरवलं. बोटावर तपकिरी पीठ आलं, इतकं मऊ की चिमटीत धरलं तर खरखर लागेना, फक्त नखाच्या कडेत जाऊन बसलं. टॉर्च मारला तर पाइपाच्या एका बाजूनं तशीच पट्टी सरळ टर्बोपर्यंत गेलेली. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा नव्या असतात तशा राहिल्या नव्हत्या, झिजून गोलसर झाल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाडी ऑइल प्यायला लागली. दर आठवड्याला डिपस्टिकवर खालची खूण दिसायची.

काही धूळ फिल्टरमधून आली, पण पट्टी एकाच बाजूला होती, म्हणजे बरीचशी जोडातून आली. पाइपाचा व्यास किंचित लहान होता आणि मी वर क्लॅम्प आवळून वेळ मारून नेली होती. म्हणजे निम्मा दोष माझाच. पण ही चूक प्रत्येक दुसऱ्या गाडीत होते. कंपनीचा डबा त्याच गाडीसाठी साच्यातून काढलेला असतो, बाहेरचं किट 'जवळपास' बसणारं असतं.

एवढ्याशा धुळीनं इंजिनाचं काय बिघडतं?

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इंजिनाला सर्वांत जास्त खाणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे. पिस्टनची रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तोही काही मायक्रॉनचाच. कण त्यात सापडला की पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. वाळूतला सिलिका लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतो, त्यामुळं झिजतं ते इंजिन, कण नाही.

आता डिझेलच्या बाजूनं बघा. एक लिटर डिझेल जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. म्हणजे चाळीस लिटर भरून निघालेली गाडी चार लाख लिटरच्या वर हवा ओढून परत येते. आणि आपल्याकडची हवा कसली, तर उन्हाळ्यात काळ्या रानाचा फुफाटा, मुरमाचे रस्ते, खडी क्रशरची चुरी, हंगामात जाळलेल्या पाचटाची काजळी. पॉवरलूमच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा फिल्टर काढला तर वर कापसाच्या तंतूंचा पांढुरका थर असतो. आमच्या पोरानं त्याला 'फिल्टरची चादर' असं नाव ठेवलंय.

लक्षणं अशी : ऑइल कमी होत जाणं, ऑइलचं झाकण उघडल्यावर फसफस धूर येणं, सकाळी निळा धूर, लोडला दम तुटणं. इथवर गाडी आली की नवा फिल्टर लावून उपयोग नसतो, इंजिन उतरवावं लागतं.

पंक्चरवाल्याकडं हवा मारून फिल्टर साफ केला तर?

मारतात सगळे. आणि इथंच सर्वांत जास्त फिल्टर मरतात.

पंक्चरच्या कॉम्प्रेसरमध्ये १२० पीएसआयच्या आसपास दाब असतो. नळी कागदाला टेकवून मारली की सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. फिल्टर दिसतो स्वच्छ, काम करतो चाळणीचं. मारायचीच असेल तर दाब ३० पीएसआयच्या खाली, नळी लांब धरून, आणि नेहमी आतून बाहेर. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. जमिनीवर आपटणं तर अजिबात नको, कड वाकली की सील गेलं. अवजड मालवाहू गाड्यांचे फिल्टर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तर सरळ म्हणतात, साफ करूच नका, बदला.

साफ केल्यावर फिल्टर उन्हात धरून आतून बघा. सोलापुरात उन्हाला तोटा नाही. कुठंही टोकदार ठिपका चमकला तर तो फिल्टर कचऱ्यात. काही गाड्यांत आत दुसरा बारीक फिल्टर असतो. त्याला हवा मारायची नाही, धुवायचं नाही. बाहेरचा दोन-तीनदा बदलला की तोही नवा टाकायचा.

मग बदलायचा कधी?

गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, एक नेहमीच्या रस्त्यासाठी आणि एक धुळीच्या वापरासाठी. आपला दुसरा. पुणे-हैदराबाद हायवेवरच पळणारी गाडी आणि ऊसतोडीच्या रानातून येणारी गाडी यांना एकच किलोमीटर लावू नका.

एक गोष्ट मात्र लोकांना पटत नाही. कागदी फिल्टर थोडा मळलेला असताना नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. तेव्हा दर आठवड्याला डबा उघडून बघण्याची हौस आवरा. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते आणि गॅस्केट हलतं. डब्यावर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्याचं ऐका. डब्याखाली रबराचा चोचीसारखा व्हॉल्व्ह असेल तर तो रोज चिमटीत दाबून साठलेली धूळ पाडा. पाच सेकंदांचं काम आहे. फाटला असेल तर बदला, नाहीतर तिथूनच कच्ची हवा शिरते.

स्वस्तातला लोकल फिल्टर चालेल का?

फिल्टर लोकल आहे म्हणून वाईट, असं नाही. हातात घेऊन बघा. कडेचं रबर मऊ आणि सलग हवं, घड्या सारख्या अंतरावर आणि उभ्या हव्यात, बोटानं ढकलल्यावर एकमेकींना चिकटू नयेत. टोकाचा गोंद सुटलेला नसावा. बसवल्यावर डब्याची क्लिप जोर लावून बसली पाहिजे. सैल बसली तर फिल्टर बुटका आहे, परत करा. ओळखीच्या कंपनीच्या खोक्यातही नकली माल येतो, म्हणून पक्कं बिल घ्या.

फिल्टर बदलल्यापासून चेक इंजिनचा लाइट लागतो. का?

बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टरच्या पुढंच हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात एक तापलेली नाजूक पट्टी असते. वाहत्या हवेनं ती किती गार होते यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. तेलाचा फिल्टर जास्त चोपडला असेल तर तेलाची वाफ त्या पट्टीवर बसते, वर धूळ चिकटते आणि सेन्सर चुकीचा आकडा सांगू लागतो. गाडीची ताकद पडते किंवा ती धूर मारते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हा घोटाळा जास्त महाग पडतो. काजळी वाढली की सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, लवकर भरतो, आणि त्याचा खर्च ऐकला की माणूस खाली बसतो. सेन्सर साफ करायला त्याचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटरचा स्प्रे किंवा टूथब्रश लावाल तर नवाच घ्यावा लागेल. फिल्टर तेलाचा नसेलच तर सेन्सरचं सॉकेट नीट बसलंय का ते आधी बघा. निम्म्या वेळा तेच निघतं.

मायलेज वाढेल ना?

नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर तपासलं होतं. मुद्दाम चोक केलेल्या फिल्टरनंसुद्धा मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, वेग पकडणं मात्र मंदावलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. डिझेलला फार चोक फिल्टर काळा धूर काढायला लावतो आणि तेव्हा डिझेल वाया जातं, पण तो नव्या कागदी फिल्टरनं थांबतो. मायलेज हवं असेल तर टायरची हवा तपासा आणि कॅरिअरवरची ताडपत्री घट्ट बांधा.

पावसाळ्यात? स्नॉर्कल लावू का?

स्नॉर्कल म्हणजे उंचावर नेलेला हवेचा पाइप. तो वरून हवा घेतो, तिथं धूळ कमी असते, म्हणून उन्हाळ्यातही त्याचा खरा उपयोग आहे. ट्रॅक्टरवर उंच पाइप आणि वर धूळ गोळा करणारी वाटी असते, तीच अक्कल. पण जोड सगळे हवाबंद हवेत. फेंडरला भोक पाडून सिलिकॉन फासलेला स्नॉर्कल नुसता शोभेचा.

आणि स्नॉर्कल आहे म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलंय पाणी काय करतं ते. खाली लावलेला उघडा कोन पाणी ओढतो, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघू नका. ढकलून बाहेर काढा आणि आधी फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर मेकॅनिकला बोलवा.

वॉरंटी जाईल का? आरटीओ पकडेल का?

वॉरंटीत असलेल्या गाडीला बाहेरचा इनटेक लावून टर्बो गेला, तर सर्व्हिस सेंटर पहिलं बोट त्याच्याकडं दाखवणार. भांडायला वेळ असेल तरच लावा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या कागदातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कडक शब्दांत सांगितलं. डब्यात बसणारा दुसरा फिल्टर म्हणजे असा बदल नव्हे. पण उघडा कोन लावून गाडी धूर मारत असेल तर पीयूसीला अडकेल, आणि ते बरोबरच आहे.

टर्बोची शिट्टी आवडते हो, बाकी काही नको.

हे प्रामाणिक उत्तर झालं. आवाज खरोखर येतो, कारण कंपनीचा डबा आवाज गिळतो आणि कोन गिळत नाही. हौसेची गाडी असेल, हायवेलाच जात असेल, तर लावा. पोटाची गाडी असेल तर नको.

सगळं ऐकून घेतलं, तरी लावायचाच आहे. काय बघू?

आडोसा असलेलं बंद किट घ्या, तुमच्याच मॉडेलसाठी बनलेलं. सेन्सरच्या जागी पाइपाचा व्यास मूळ पाइपाइतकाच हवा, नाहीतर माप चुकतं. कंपनीचा डबा भंगारात विकू नका, माळ्यावर ठेवा. बसवल्यावर आठ दिवसांनी होज काढून पांढऱ्या फडक्यानं आतून पुसा. फडकं स्वच्छ निघालं तर चालवा, महिन्यानं परत पुसा. तपकिरी निघालं तर त्याच दिवशी माळ्यावरचा डबा उतरवा.

एसीचा फिल्टर आणि हा एकच का?

नाही. तो डॅशबोर्डमागं, तुमच्या नाकासाठी. काल एकजण त्यालाच हवा मारून "इंजिन साफ केलं" म्हणून खूश होऊन आला होता. दोन्ही बदलून पाठवला.